घडीचे संग्रहालय : दयानिता सिंग यांच्याविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकातील एका टिपणात छायाचित्रकार दयानिता सिंग यांच्याविषयी जेमतेम चार ओळी आल्या होत्या. त्यांची पुस्तके हीच त्यांची प्रदर्शने असतात, असे एक विधान त्यात केले होते आणि पुढे काहीही न सांगता विषय सोडून दिला होता. वाचकांनी तो सोडला नाही. आलेल्या पत्रांपैकी एकसारखे प्रश्न एकत्र करून त्यांना येथे उत्तरे देत आहोत. काही उत्तरे लांबली आहेत, कारण प्रश्नच तसे होते.

प्रश्न : छायाचित्रांचे पुस्तक म्हणजे प्रदर्शनाचा कॅटलॉग, अशी आमची समजूत आहे. भिंतीवर चित्रे लागतात, लोक येऊन पाहतात आणि नंतर आठवण म्हणून पुस्तक निघते. मग ‘पुस्तक हेच प्रदर्शन’ याचा नेमका अर्थ काय? (एक वाचक, नाशिक)

आपली समजूत चुकीची नाही. बहुतेक कलावंतांच्या बाबतीत क्रम तोच असतो. दयानिता सिंग यांचा क्रम पहिल्यापासून उलटा राहिला, आणि त्याचे कारण त्यांच्या शिक्षणात सापडते. १९६१ मध्ये दिल्लीत जन्मलेल्या सिंग अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये शिकल्या. तेथे अक्षर, पान, घडी, बांधणी यांचा विचार कॅमेऱ्याच्या बरोबरीने शिकवला जातो. न्यूयॉर्कच्या इंटरनॅशनल सेंटर ऑफ फोटोग्राफीत त्या नंतर गेल्या, परंतु लोकांसमोर ठेवलेले त्यांचे पहिले मोठे काम हे पुस्तकच होते. तबलावादक झाकिर हुसेन यांच्यावरील ते पुस्तक १९८६ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे भिंतीची ओळख होण्याआधीच त्यांची पानाशी ओळख झाली होती.

खरी कलाटणी मात्र पुढे, प्रवासात केलेल्या घरगुती उद्योगातून मिळाली. एखाद्या मित्राबरोबर प्रवास केला, की परतल्यावर त्या प्रवासाची लहान लहान छायाचित्रे निवडून पंख्यासारख्या उलगडणाऱ्या घडीच्या वहीत चिकटवायची, अशी त्यांची सवय होती. अशा दोन वह्या होत. एक त्या मित्राला पत्रासारखी पाठवायची आणि दुसरी स्वतःच्या स्वयंपाकघरातील काचेच्या कपाटात ठेवायची. त्या कपाटाला त्या ‘किचन म्युझियम’ म्हणू लागल्या. जर्मनीतील ग्योटिंगेन येथील प्रकाशक गेरहार्ड श्टाइडल यांच्याबरोबर यातील सात वह्यांचे सात घडीचे ग्रंथ २००८ मध्ये निघाले. कापडी पेटीत बसणाऱ्या त्या संचाचे नाव ‘सेंट अ लेटर’. अलाहाबाद, मुंबई, कोलकाता, देवीगड, पद्मनाभपुरम आणि वाराणसी यांच्या नावे सहा पुस्तिका आहेत आणि सातवी त्यांच्या आईच्या, नोनी सिंग यांच्या नावे आहे. नोनी सिंग स्वतः आयुष्यभर घरच्यांची छायाचित्रे काढत आल्या, आणि सातव्या पुस्तिकेतील चित्रे त्यांनीच टिपलेली आहेत.

ही पुस्तिका हातात धरून पानामागून पान उलटता येते, आणि ताणून टेबलावर उभी केली की तीच चित्रांची एक बुटकी भिंत होते. सिंग यांनी हा संच कोलकात्याच्या पार्क स्ट्रीटवरील एका जवाहिऱ्याच्या दुकानाच्या दर्शनी काचेत मांडला. हारांच्या आणि बांगड्यांच्या शेजारी छायाचित्रे, रस्त्यावरून जाणाऱ्या कोणालाही तिकिटाशिवाय पाहता येतील अशी. छापील, पुन्हा पुन्हा निघू शकणारी वस्तू स्वतःच्या पायावर प्रदर्शन म्हणून उभी राहू शकते, याचा तो पहिला ठसठशीत पुरावा म्हणावा लागेल.

पुढची पायरी ‘म्युझियम ऑफ चान्स’ या पुस्तकाची. त्यात ८८ छायाचित्रे आहेत, आणि त्यांतील प्रत्येक छायाचित्र कोणत्या ना कोणत्या प्रतीच्या मुखपृष्ठावर किंवा मलपृष्ठावर आलेले आहे. दुकानात एकाच पुस्तकाच्या दहा प्रती ठेवल्या, तर दहा वेगवेगळी मुखपृष्ठे समोर येतात आणि गिऱ्हाइकाला निवड करणे भाग पडते. पुस्तक लाकडी चौकटीत बसवून भिंतीवर टांगण्याचीही सोय त्यांनी केली. मग तेच पुस्तक चित्र होते, आणि मालकाला वाटेल तेव्हा चौकटीतून काढून चाळता येते. अशी चौकटीतील पुस्तके दोन चामडी सुटकेसांत भरून त्यांनी ‘सुटकेस म्युझियम’ केले. मुंबईत भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयातही ते मांडले गेले होते. संग्रहालयाच्या आत सुटकेस उघडून दुसरे संग्रहालय मांडायचे, ही कल्पना त्या जुन्या, खांबाखांबांच्या देखण्या वास्तूत किती शोभली असेल, हे ती वास्तू पाहिलेल्यांना सांगायला नको.

आता ‘म्युझियम भवन’विषयी, कारण आपल्या प्रश्नाचे सर्वांत पूर्ण उत्तर तेथे आहे. सिंग यांनी सागवानी लाकडाच्या, माणसाहून उंच, पडद्यासारख्या उघडमीट होणाऱ्या मांडण्या तयार करून घेतल्या. एकेका मांडणीत ७० ते १४० छायाचित्रे बसतात. काही दर्शनी भागात दिसतात आणि उरलेली त्याच मांडणीच्या पोटात, फडताळात ठेवावीत तशी राहतात. मनात आले की आतली बाहेर आणि बाहेरची आत. फाइलींचे संग्रहालय, यंत्रांचे संग्रहालय, पुरुषांचे संग्रहालय, फर्निचरचे संग्रहालय, लहान मुलींचे संग्रहालय अशी त्यांची नावे आहेत. २०१३ मध्ये लंडनच्या हेवर्ड गॅलरीत ‘गो अवे क्लोजर’ या प्रदर्शनात ही संग्रहालये प्रथम एकत्रित लोकांपुढे आली. दिल्लीच्या किरण नाडर कलासंग्रहालयाने ती नंतर मांडली, आणि २०१७ मध्ये तोक्यो येथील छायाचित्र संग्रहालयातही ती गेली. त्याच वर्षी या माणसाहून उंच मांडण्या हाताच्या तळव्यावर मावतील एवढ्या झाल्या. नऊ घडीच्या पुस्तिका आणि संभाषणांची एक पुस्तिका एका पेटीत घालून श्टाइडलने ‘म्युझियम भवन’ प्रसिद्ध केले. प्रत्येक पेटीचे कापड वेगळे आहे. पॅरिस फोटो हा छायाचित्रांचा मेळा आणि अपर्चर ही छायाचित्रणाला वाहिलेली संस्था यांचा वर्षातील सर्वोत्तम छायाचित्रग्रंथाचा पुरस्कार २०१७ मध्ये या पेटीला मिळाला.

ही पेटी एका मित्राने आणली तेव्हा आम्ही तिच्यातील चार पुस्तिका जेवणाच्या टेबलावर उलगडल्या. त्या टेबलावर मावेनात, म्हणून एक जमिनीवर गेली, आणि पंखा बंद करावा लागला. त्या अर्ध्या तासात कोणती पुस्तिका कोणत्या पुस्तिकेशेजारी ठेवायची यावरून दोघांत वाद झाला. कॅटलॉग वाचून असा वाद होत नाही. दालनाच्या संयोजकाचे काम पुस्तक घेणाऱ्याच्या हाती आले की काय होते, ते आपल्याला यावरून कळावे.

प्रश्न : मी कोल्हापूरला उपयोजित कलेच्या शेवटच्या वर्षाला आहे. ‘स्वतंत्र कलावंत’ म्हणून काम करायचे आहे. पण प्रकाशक, लेखक, संयोजक यांच्याबरोबर काम केले की त्यांचे ऐकावे लागते. दयानिता सिंग यांनी सहकार्य आणि स्वातंत्र्य यांचा मेळ कसा घातला? (एक विद्यार्थिनी)

हा प्रश्न आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो, म्हणून त्याला हात आखडता न घेता जागा देतो. सिंग यांच्या कारकिर्दीकडे पाहिले तर असे दिसते की त्यांनी स्वातंत्र्याची मोठी किंमत सुरुवातीलाच मोजली. शिक्षण संपल्यावर त्या परदेशी वृत्तपत्रांसाठी आणि नियतकालिकांसाठी काम करीत होत्या. त्या नियतकालिकांना भारतातून जी छायाचित्रे हवी असत त्यांचे विषय ठरलेले होते. दारिद्र्य, आपत्ती, नाहीतर रंगीबेरंगी अद्भुत देश. हा ठरावीक शिधा पुरवणे त्यांनी नव्वदच्या दशकात थांबवले, आणि आपल्या ओळखीच्या, सुखवस्तू घरांतील कुटुंबांची त्यांच्याच दिवाणखान्यांत छायाचित्रे काढायला आरंभ केला. त्या कामाचे पुस्तक आणि प्रदर्शन ‘प्रायव्हसी’ या नावाने २००३ मध्ये आले. प्रदर्शन बर्लिनच्या हाम्बुर्गर बानहोफ या राष्ट्रीय संग्रहालयात भरले. मधली दहाएक वर्षे ही काही मागणी तसा पुरवठा करण्याची वर्षे नव्हती.

सहकार्याचे पहिले उदाहरण मोना अहमद यांचे घ्यावे लागेल. १९८९ मध्ये लंडनच्या एका दैनिकासाठी दिल्लीतील तृतीयपंथी समाजावर काम करताना सिंग त्यांना भेटल्या. मोनांनी मोकळेपणाने छायाचित्रे काढू दिली, पण ती लंडनला छापली जाणार आहेत हे कळताच त्यांनी फिल्म परत मागितली, कारण त्यांचे नातलग तेथे राहत होते. सिंग यांनी फिल्म देऊन टाकली. नेमून दिलेले काम बुडाले आणि एक मैत्री जडली, जी २०१७ मध्ये मोनांच्या मृत्यूपर्यंत टिकली. २००१ मध्ये ‘मायसेल्फ मोना अहमद’ हे पुस्तक निघाले. त्यातील मजकूर छायाचित्रकाराचा नाही. मोनांनी प्रकाशक वॉल्टर केलर यांना लिहिलेल्या ई-मेलांतून त्यांची कहाणी त्यांच्याच शब्दांत उभी राहते. त्यांनी सांगितले तेवढेच त्यात आहे, आणि ज्या सुरात सांगितले त्याच सुरात आहे. सहकार्य म्हणजे समोरच्याला विषय न मानता सहलेखक मानणे, हे इतक्या स्पष्टपणे दाखवणारी पुस्तके थोडी आहेत. पुढे २०१३ मध्ये व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात जर्मनीच्या दालनासाठी सिंग यांची निवड झाली. त्या वर्षी जर्मनी आणि फ्रान्स यांनी आपापल्या वास्तूंची अदलाबदल केली होती, त्यामुळे जर्मनीचे दालन फ्रेंच वास्तूत होते आणि त्यात जर्मनीबाहेरचे कलावंतही होते. तेथे सिंग यांनी मोनांचेच एक चलचित्र दाखवले. मोना पहुडल्या आहेत, आपले आवडते गाणे ऐकत आहेत, आणि चेहऱ्यावरून काहीतरी हलकेच सरकत जाते. बाकी काही घडत नाही.

दुसरे उदाहरण श्टाइडल यांचे. ग्योटिंगेनमधील त्यांच्या इमारतीत पुस्तकाची आखणी, स्कॅनिंग, छपाई असे सारे एकाच छपराखाली होते. कलावंत तेथे जाऊन राहतो, छपाईयंत्रावरून उतरणारा कागद पाहतो, काळ्याचा दाट-फिकेपणा पाहून दुरुस्त्या सुचवतो. म्हणजे निर्णय पत्रांतून होत नाहीत, शाई ओली असताना होतात. आपण उपयोजित कलेच्या विद्यार्थिनी आहात, तेव्हा याचे मोल आपल्याला वेगळे सांगायला नको. प्रकाशकाने आपल्यावर कुरघोडी करू नये असे वाटत असेल, तर प्रकाशकाची भाषा त्याच्याइतकी आपल्यालाही आली पाहिजे. कागदाचे वजन, बांधणीचा प्रकार, घडी कोठे मोडेल, हे सगळे.

तिसरे, कोलकात्याचे समीक्षक अवीक सेन. २०११ मध्ये ‘हाउस ऑफ लव्ह’ हे पुस्तक हार्वर्ड विद्यापीठाच्या पीबडी संग्रहालयाच्या सहकार्याने आले. त्यात सेन यांचे गद्य आणि सिंग यांची छायाचित्रे शेजारी शेजारी चालतात. गद्य छायाचित्रांचे स्पष्टीकरण करीत नाही आणि छायाचित्रे गद्याची सजावट करीत नाहीत. नऊ कथांची ही एक कादंबरीसदृश रचना आहे. अशा रचनेत लेखक आपले वाक्य सोडायला तयार नसेल आणि छायाचित्रकार आपले चित्र सोडायला तयार नसेल, तर काम पुढे जात नाही. दोघांनी एकमेकांवर विश्वास टाकला आहे हे त्या पानांवर दिसते.

प्रदर्शनांच्या संयोजकांबाबतही हेच. २०१३ चे लंडनचे प्रदर्शन आणि २०२२ चे बर्लिनचे मोठे प्रदर्शन, दोन्हींच्या संयोजिका श्टेफानी रोझेन्थाल होत. नऊ वर्षांनी त्याच व्यक्तीबरोबर पुन्हा काम करणे, ही गोष्ट आपल्या प्रश्नाला पुरेसे उत्तर देते. ऐकावे लागते, हे खरे आहे. पण कोणाचे ऐकायचे याची निवड कलावंताने स्वतः केलेली असली की ऐकण्याने स्वातंत्र्य जात नाही.

प्रश्न : या छायाचित्रांखाली नाव, गाव, तारीख काहीच का नसते? पाहणाऱ्याला संदर्भ न देणे हा त्याच्यावर अन्याय नाही का? आमच्या पिंगुळीच्या चित्रकथीत तर चित्र आणि कथा एकमेकांना सोडत नाहीत. (एक वाचक, कुडाळ)

आपण चित्रकथीचा दाखला दिलात याचा आनंद वाटला, कारण तुलना करायला याहून चांगली वस्तू शोधून सापडली नसती. पिंगुळीच्या ठाकर कलावंतांच्या चित्रकथीत सुट्या कागदांची चित्रे पोथीसारख्या गठ्ठ्यात ठेवलेली असतात, आणि सांगणारा एकेक चित्र समोर धरून रामायण-महाभारतातील आख्यान गातो. म्हणजे सुटी पाने, हाताने एकेक करून दाखवणे, संग्रह बांधून गावोगाव नेता येणे, हे सारे सिंग यांच्या पेट्यांत आहे. फरक असा की चित्रकथीत कथा आधीपासून सर्वांना ठाऊक असते, त्यामुळे चित्रांचा क्रम मोडता येत नाही. सिंग यांच्या संग्रहालयात क्रम मोडता यावा अशीच योजना असते.

नाव-तारीख का नाही, याचे कारण याच योजनेत आहे. छायाचित्राखाली ‘अलाहाबाद, १९९९’ असे छापले की पाहणारा ते माहितीसारखे वाचतो आणि पुढे जातो. ते नसले की रिकामी खुर्ची ही केवळ रिकामी खुर्ची राहते, आणि शेजारी येणाऱ्या चित्रानुसार तिचा अर्थ बदलत जातो. शेजारी वृद्ध स्त्री आली तर एक, कारखान्यातील यंत्र आले तर दुसरा. त्यांच्या कामात शब्दाचे काम शेजार करतो. ‘गो अवे क्लोजर’ हे २००७ चे पुस्तक याच न्यायाने रचलेले आहे. ते मुद्दाम शाळेच्या वहीसारखे लहानसे ठेवले होते.

अन्यायाच्या आपल्या मुद्द्याबाबत मात्र आम्ही अर्धे आपल्या बाजूने आहोत. ‘फाइल रूम’ या २०१३ च्या पुस्तकात देशभरातील अभिलेखागारे, न्यायालये आणि कचेऱ्यांतील कागदांचे ढिगारे आहेत. मांडण्यांवर छतापर्यंत गेलेले गठ्ठे, कापडात बांधलेली बासने, आणि त्यांच्या मध्ये एखाद्या टेबलाशी बसलेला त्या साऱ्याचा राखणदार. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील ‘रुमाल’, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ही चित्रे पाहताना जुन्या कागदाचा वास आल्यावाचून राहणार नाही. येथे कोणती कचेरी, कोणते गाव, हे जाणून घेण्याची इच्छा होते, आणि ती इच्छा अनाठायी नाही. तो कागद कोणाच्या तरी जमिनीचा, कोणाच्या तरी वारसाहक्काचा आहे. सिंग यांना त्या कागदांतील मजकुरापेक्षा त्यांची साठवण, त्यांचे वस्तू म्हणून असलेले रूप अधिक मोलाचे वाटते. तो त्यांचा अधिकार आहे. पण एखादा इतिहासाचा अभ्यासक हे पुस्तक मिटताना किंचित उसासा टाकत असेल, तर त्याला दोष देता येणार नाही.

प्रश्न : झाकिर हुसेन यांच्या निधनानंतर त्यांची तरुणपणीची काही कृष्णधवल छायाचित्रे सर्वत्र दिसली. ती दयानिता सिंग यांची होती असे कळले. त्यामागची हकिगत सांगावी. (एक वाचिका, ठाणे)

झाकिर हुसेन १५ डिसेंबर २०२४ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे निवर्तले. सिंग यांची त्यांच्याशी ओळख ऐंशीच्या दशकाच्या आरंभीची. अहमदाबादला शिकत असताना त्या एका मैफलीत त्यांची छायाचित्रे काढायला गेल्या, आयोजकांपैकी कोणीतरी त्यांना अडवले, आणि त्या गडबडीत त्या सर्वांसमोर पडल्या. मैफल संपल्यावर त्यांनी झाकिरभाईंना गाठून सुनावले की आज मी विद्यार्थिनी आहे, उद्या मोठी छायाचित्रकार होईन, तेव्हा पाहू. त्या संतापातून त्यांना पुढे सोबत येण्याची मुभा मिळाली, आणि सलग सहा हिवाळे त्या झाकिर हुसेन आणि इतर कलावंतांबरोबर बसने, रेल्वेने मैफलींच्या दौऱ्यावर फिरल्या.

१९८६ च्या पुस्तकासाठी सिंग यांनी आधी हाताने एक नमुना-प्रत तयार केली होती. चिकटवलेली छायाचित्रे, हाताने लिहिलेला मजकूर, खोडाखोड, मापांच्या खुणा. २०१९ मध्ये श्टाइडलने ती नमुना-प्रत आहे तशी, डागांसकट छापली. ‘झाकिर हुसेन मॅकेट’ हे तिचे नाव. आपल्याकडे संगीतावरील पुस्तकांत कलावंत बहुधा व्यासपीठावरच भेटतो. येथे तो घरी, माहीमच्या आप्तांत, रियाजाला बसलेला, प्रवासात झोपलेला भेटतो. वडील उस्ताद अल्लारखाँही त्यात आहेत. छायाचित्रणाची शिस्त आपण एका तबलावादकाकडून शिकलो, असे सिंग मानतात, आणि त्यांना अभिप्रेत असलेला शब्द ‘रियाज’ हाच आहे. छायाचित्रणाच्या कोणत्याही शाळेत हा शब्द ऐकू येत नाही.

त्या हिवाळ्यांतील निगेटिव्ह अजून संपलेल्या नाहीत. गाडीत, विश्रामकक्षात, व्यासपीठामागे तंबोऱ्यांशेजारी टिपलेली गवई-वादकांची छायाचित्रे एकत्र करून सिंग यांनी अलीकडे ‘म्युझियम ऑफ तानपुरा’ ही मांडणी केली. बर्लिनच्या प्रदर्शनात ती होती. २०२२ चे ‘लेट्स सी’ हे पुस्तकही ऐंशी-नव्वदच्या दशकांतील जुन्या कॉन्टॅक्ट शीटमधून, म्हणजे एका फिल्मवरील सारी चित्रे निवडीसाठी लहान आकारात छापलेल्या कागदांतून, निघाले आहे. त्या काळी ज्या चित्रांवर निवडीची खूण झाली नव्हती त्यांच्याकडे साठीत पुन्हा पाहणे, एवढीच त्यामागची युक्ती. आमच्या मते अलीकडच्या काळातील त्यांचे हे सर्वांत मनमोकळे पुस्तक आहे.

प्रश्न : त्यांची बहुतेक चित्रे चौकोनी आणि कृष्णधवलच का असतात? रंगाचे वावडे आहे काय? (एक वाचक, अकोला)

चौकोन हा त्या वापरत असलेल्या हॅसलब्लाड कॅमेऱ्याच्या फिल्मचा आकार. रंगाचे वावडे मुळीच नाही. ‘ब्लू बुक’ (२००९) आणि ‘ड्रीम व्हिला’ (२०१०) ही दोन्ही रंगीत आहेत. दिवसाच्या उजेडासाठी असलेली रंगीत फिल्म सूर्य मावळल्यावर वापरली की सारे चित्र निळे होते. तो निळेपणा दोष न मानता त्यांनी कारखान्यांच्या परिसराचे एक पुस्तक त्यावरच बेतले. त्याची पाने फाडून पोस्टकार्डे म्हणून पाठवता येतात. कॅमेऱ्याच्या नावाने दिला जाणारा हॅसलब्लाड पुरस्कार त्यांना २०२२ मध्ये मिळाला. त्याची रक्कम वीस लाख स्वीडिश क्रोनर होती, आणि स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे त्या निमित्ताने ‘सी ऑफ फाइल्स’ हे प्रदर्शन आणि त्याच नावाचे पुस्तक झाले.

प्रश्न : गोव्याशी त्यांचा काही संबंध आहे का? (एक वाचक, म्हापसा)

आहे, आणि तो आपल्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. सिंग यांनी साळगावला घर केले आणि तेथील ख्रिस्ती घरांत छायाचित्रे काढली. ‘डिमेलो वाडो’ (वाडो म्हणजे गावातील वस्ती) या नावाने त्यांचे प्रदर्शन सन २००० मध्ये साळगाव इन्स्टिट्यूटमध्ये भरले. ज्या वाड्यात चित्रे काढली, त्या वाड्याच्याच माणसांनी ती पहिल्यांदा पाहावीत, हा विचार त्यामागे होता. लंडन-बर्लिनच्या यादीत हे नाव चिमुकले दिसते, पण जवाहिऱ्याच्या काचेपर्यंत जाणारी वाट येथूनच निघाली असावी असे आम्हाला वाटते.

प्रश्न : स्पष्ट लिहितो, राग मानू नये. पेट्या, सागवान, कापडी बांधणी हे सगळे आवेष्टनाचे कौतुक नाही का? लोकांपर्यंत पोचण्याची भाषा करायची आणि वस्तू मात्र संग्राहकांच्या दिवाणखान्यात जायची, यात ढोंग नाही काय? (एक निवृत्त चित्रकला शिक्षक, सातारा)

राग मानण्याचे कारण नाही. हा प्रश्न आम्हीही स्वतःला विचारला आहे. प्रथम आपल्या बाजूचे सांगतो. सागवानी संग्रहालये आज मोठमोठ्या संस्थांच्या मालकीची आहेत. पुस्तकाच्याच नावाचे ‘म्युझियम ऑफ चान्स’ हे सागवानी संग्रहालय न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने घेतले आणि २०१९ मध्ये दाखवलेही. अशा ठिकाणी दोरीमागून पाहणाऱ्या प्रेक्षकाला एकही चौकट हलवता येत नाही. मांडणी बदलण्याचा अधिकार कलावंताला आणि संस्थेच्या कर्मचाऱ्यांना, पाहणाऱ्याला नाही. जी गोष्ट हाताळण्यासाठी केली तिला हात लावायला मनाई असावी, ही विसंगती आहे आणि ती झाकता येत नाही. शिवाय ‘पोथी बॉक्स’सारख्या ज्या लाकडी पेट्या सिंग ‘स्पॉन्टेनिअस बुक्स’ या आपल्या स्वतःच्या प्रकाशनातर्फे काढतात, ज्यांत तीस सुटी चित्रे असतात आणि दर्शनी चित्र रोज बदलता येते, त्याही मोजक्याच निघतात.

परंतु ढोंग हा शब्द आम्ही वापरणार नाही. छायाचित्राच्या बाजारात मान ठरतो तो सही केलेल्या, क्रमांक घातलेल्या प्रिंटवरून. पाच किंवा सात प्रती काढायच्या आणि निगेटिव्ह कुलपात ठेवायची. मुबलक होऊ शकणारी वस्तू मुद्दाम दुर्मीळ करण्याचा हा व्यवहार आहे. त्याच बाजारात उभे राहून ऑफसेटवर छापलेले पुस्तक हीच माझी मूळ कलाकृती, असे म्हणणे म्हणजे आपल्याच प्रिंटच्या किमतीला आव्हान देणे होय. ‘सेंट अ लेटर’चा संच हा कलादालनातील एका प्रिंटच्या तुलनेत नगण्य किमतीत मिळणारा होता, आणि तो विकत घेणाऱ्याकडे असलेले प्रदर्शन हे सिंग यांच्या स्वयंपाकघरातील प्रदर्शनाहून कमी अस्सल नाही. आवेष्टनाबद्दल म्हणाल तर, चित्रकला शिकवताना आपणही मुलांना चित्राला माउंट कसा लावावा हे शिकवले असेलच. सिंग यांनी माउंटालाच चित्राचा भाग केले, इतकेच.

२०२२ मध्ये बर्लिनच्या ग्रोपियस बाऊ येथे सुरू झालेले ‘डान्सिंग विथ माय कॅमेरा’ हे प्रदर्शन पुढे म्युनिक, लक्झेंबर्ग आणि पोर्तुगालमधील पोर्टो येथे गेले. चार शहरांतील चार वास्तू, प्रत्येक वास्तूच्या खोल्या वेगळ्या, उजेड वेगळा. मांडण्या घडीच्या असल्यामुळे प्रत्येक ठिकाणी त्या निराळ्या कोनात उघडल्या गेल्या, आतली चित्रे बाहेर आली, बाहेरची आत गेली. एकच प्रदर्शन चार वेळा भरले असे म्हणण्यापेक्षा चार प्रदर्शने भरली असे म्हणणे अधिक बरोबर होईल. आपल्या शाळेच्या ग्रंथालयाने ‘म्युझियम भवन’ची एक पेटी घेतली आणि दर सोमवारी एका विद्यार्थ्याला ती मांडायला दिली, तर पाचवे प्रदर्शन साताऱ्यातही भरेल. पुस्तिका ताणताना घडी मधोमध धरावी, टोकाला धरून ओढू नये.